मिळकत बापाची, गरज लेकराची

दहावी-बारावीचे निकाल लागले की तहसील कचेऱ्यांच्या आवारात आणि सेतू केंद्रांच्या दारांत जी रांग लागते, तिला आपण आता इतके सरावलो आहोत की तिच्यामागे काही विचार असेल, हे कोणाच्या मनातही येत नाही. शिकावयाचे असते मुलाला, शुल्क भरावयाचे असते मुलाचे, वसतिगृहात राहावयाचे असते मुलीला. परंतु सरकारदरबारी पहिला प्रश्न विचारला जातो तो बापाविषयी. मुलाची बुद्धी, त्याचे गाव, शाळेपर्यंतची त्याची पायपीट हे सारे मागाहून. आधी उत्पन्नाचा दाखला. तलाठ्याने चौकशी करावयाची, तहसीलदाराने सही करावयाची आणि त्या कागदावरील एका आकड्यावरून ठरावयाचे, की हे मूल सार्वजनिक साहाय्यास पात्र आहे किंवा नाही.

जुन्या शाळामास्तरांच्या तोंडी 'नादारी' असा एक शब्द असे. ज्याला नादारी मिळाली त्याची फी माफ. ती कोणाला द्यावयाची हे हेडमास्तर पुष्कळदा नजरेनेच ठरवीत. कोणाच्या घरी दोन वेळा चूल पेटते, कोणाचा बाप मुंबईला गिरणीत आहे पण मनिऑर्डर येत नाही, हे गावच्या मास्तरला ठाऊक असे. या व्यवस्थेत माया होती, तसा पक्षपातही होता. आणि ज्याच्यावर मेहेरबानी झाली त्याने जन्मभर मान खाली घालावी, अशी एक अव्यक्त अपेक्षाही होती. मास्तरच्या मर्जीच्या जागी सरकारी कागद आला, हे चांगलेच झाले. मर्जीपुढे हात जोडावे लागतात, कागद हक्काने मागता येतो. तेव्हा दाखला असू नये, असे येथे म्हणावयाचे नाही. त्या दाखल्यावरील आकडा नेमके काय मोजतो, एवढेच पाहावयाचे आहे.

महाराष्ट्रातील सुशिक्षितांना हा आकडा प्रथम भेटला तो 'ईबीसी'च्या सवलतीतून. एकोणीसशे साठच्या आगेमागे, यशवंतराव चव्हाण यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात, आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या पालकांच्या मुलांना फी माफ करण्याचे धोरण आले आणि वर्षाला बाराशे रुपये ही मर्यादा घरोघर पाठ झाली. बाराशे म्हणजे महिना शंभर. जात न विचारता केवळ पालकाची गरिबी विचारणारी ती सवलत होती आणि तिच्या आधाराने शिकलेल्या शिक्षकांची, कारकुनांची एक अख्खी पिढी आज निवृत्तिवेतन घेत आहे. या धोरणाचे ऋण अमान्य करण्याचे कारण नाही. मात्र त्याच सवलतीचा पुढील इतिहास बोलका आहे. पुढे ही मर्यादा १ लाखावर येऊन थांबली आणि थांबली ती थांबलीच. २०१६ साली, महाराष्ट्रभर मराठा समाजाचे मूक मोर्चे निघत असताना, ती प्रथम अडीच लाख आणि लगोलग, गुणांच्या अटीसह, ६ लाख झाली. २०१८ साली ८ लाखांवर गेली. योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव मिळाले. निर्णय स्वागतार्हच होता. पण बाजारभाव काही मोर्चा निघण्याची वाट पाहत नाहीत. मधल्या वर्षांत ज्यांची मुले मर्यादेच्या थोडी वर राहिल्याने वंचित झाली, त्यांची भरपाई कोण करणार?

मर्यादा गोठते तेव्हा काय होते, हे एका साध्या हिशेबाने दिसेल. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे; या योजनेची मुळे थेट १९४४ पर्यंत जातात. पालकांच्या उत्पन्नाची तिची मर्यादा २०१३ साली अडीच लाख रुपये झाली. त्या वर्षीच्या जुलैमध्ये केंद्र सरकारच्या अगदी तळच्या कर्मचाऱ्याचे मूळ वेतन ७,००० रुपये होते आणि महागाई भत्ता ९० टक्के. म्हणजे, घरभाडे भत्ता सोडून, महिना १३,३०० आणि वर्षाला १,५९,६०० रुपये. त्याचा मुलगा शिष्यवृत्तीस पात्र ठरत होता, तोही ऐसपैस अंतर राखून. आता २०२४ चा जानेवारी घ्या. सातव्या वेतन आयोगाचे किमान मूळ वेतन १८,००० रुपये, महागाई भत्ता ५० टक्के, महिना २७,००० आणि वर्षाला ३,२४,००० रुपये. मर्यादा मात्र तीच, अडीच लाख. कचेरीत फायली वाहणारा, साहेबाच्या दालनाबाहेर बाकावर बसणारा नवा शिपाई या दहा वर्षांत श्रीमंत झाला, असे कोणी म्हणणार आहे काय? त्याच्या ताटात काय वाढले? तरीही कागदोपत्री त्याचे लेकरू आता गरजू नाही.

यातील विसंगती विलक्षण आहे. सरकार स्वतःच दर सहा महिन्यांनी निर्देशांक पाहते, महागाई वाढल्याचे मान्य करते आणि भत्त्याचा हप्ता जाहीर करते. बापाला हप्ता देताना जी महागाई सरकारला दिसते, ती मुलाच्या शिष्यवृत्तीचा विचार करताना दिसत नाही. उलट, त्या हप्त्यामुळेच बाप मर्यादेपलीकडे ढकलला जातो. एका हाताने महागाईची भरपाई द्यावयाची आणि तीच भरपाई उत्पन्न म्हणून मोजून दुसऱ्या हाताने मुलाचे साहाय्य काढून घ्यावयाचे, असा हा व्यवहार आहे. आणि मर्यादा वेळोवेळी बदलली पाहिजे हे सरकारला ठाऊक नाही, असेही नाही. इतर मागासवर्गीयांतील उन्नत गट ठरविणाऱ्या ८ सप्टेंबर १९९३ च्या केंद्राच्या आदेशातच लिहिले आहे, की रुपयाचे मूल्य पाहून उत्पन्नमर्यादा दर तीन वर्षांनी, आवश्यक तर त्याआधीही, बदलावी. तेव्हा ती १ लाख होती. २००४ साली अडीच लाख, २००८ साली साडेचार, २०१३ साली ६ आणि २०१७ साली ८ लाख झाली. २०२० गेले, २०२३ गेले; मर्यादा तेथेच होती. लिहून ठेवलेल्या नियमाची ही गत, तर जेथे नियमच लिहिलेला नाही तेथील मर्यादांविषयी काय बोलावे?

दुसरी गोष्ट मर्यादेच्या आकाराची. ती उतरण नसून कडा आहे. अलीकडे उभे असाल तर सर्व काही, पलीकडे एक पाऊल पडले की काही नाही. दोन लाख एकोणपन्नास हजारांचा बाप आणि दोन लाख एक्कावन्न हजारांचा बाप यांच्या संसारांत कोणता फरक असतो? पण पहिल्याच्या मुलाला शुल्काखेरीज निर्वाहभत्ताही मिळतो, जो २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अभ्यासक्रम आणि वसतिगृह पाहून वर्षाला २,५०० ते १३,५०० रुपये आहे. दुसऱ्याच्या मुलाला तो मिळत नाही. म्हणजे दोन हजार अधिक मिळविल्याचा दंड त्या मिळकतीच्या कितीतरी पट. मग शहाणा माणूस काय करतो? जादा काम नाकारतो, किंवा पत्नीच्या शिवणकामाचे पैसे दाखवीत नाही.

येथे आपण या प्रश्नाच्या नैतिक अंगाशी येतो, आणि माझ्या मते तेच सर्वांत गंभीर आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्यानुसार खाजगी शाळांतील पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखून ठेवल्या गेल्या. आर्थिकदृष्ट्या दुर्बल पालकांसाठी महाराष्ट्राने वार्षिक १ लाख रुपयांची मर्यादा ठरविली. आता समजा, नवऱ्याला रोज तीनशे आणि बायकोला अडीचशे रुपये मजुरी मिळते आणि वर्षातून जेमतेम दोनशे दिवस काम लागते. दोघांचे मिळून १ लाख १० हजार रुपये होतात. वर्षातील पाच महिने रिकाम्या हातांनी बसणारे हे मजूर जोडपे, खरे बोलल्यास, दुर्बल नव्हे! तरीही अशा हजारो पालकांकडे लाखाच्या आतले दाखले असतात. ते मिळतात कसे, हे अर्जदाराला माहीत आहे आणि सही करणाऱ्यालाही. गरीब माणसाला आपल्या मुलासाठी शाळेच्या दाराशीच पहिले खोटे बोलावयास लावणारी मर्यादा कोणत्या शिक्षणाचा आरंभ करते? स्वयंघोषणापत्रावर अंगठा उठविणाऱ्या बापाला दोष देणे सोपे आहे. पण जी रेषा प्रामाणिकपणे कोणालाच ओलांडता येणार नाही अशी आखली जाते, त्या रेषेचा दोष अधिक मोठा नव्हे काय?

आणि या खोट्याची मुभाही सर्वांना सारखी नाही. शिक्षक, कारकून, एस. टी.चा वाहक यांचे उत्पन्न पैशापैशांपर्यंत उघडे असते. वेतनचिठ्ठी आणि फॉर्म सोळा यांच्यापुढे तलाठ्याच्या चौकशीची गरजच उरत नाही. शेतकऱ्याचे उत्पन्न सातबाऱ्यावरून अंदाजाने ठरते. त्यात कधी दुष्काळाने पिचलेल्यावर अन्याय होतो, तर कधी बागायतदाराला सवलत मिळते. आडतदार, ठेकेदार, दुकानदार यांचे उत्पन्न बव्हंशी त्यांनी सांगितले तेवढे. मुलाला वर्गात मोटारीतून आणून सोडणाऱ्या बापाचा दाखला आणि त्याच वर्गावर शिकविणाऱ्या मास्तरचा दाखला शेजारी-शेजारी ठेवून पाहिले, तर मास्तरच श्रीमंत निघावा, हा अनुभव शाळांतील लिपिकांना नवा नाही.

गंमत अशी, की एकच आकडा दोन ठिकाणी दोन अर्थ धारण करतो. इतर मागासवर्गीयांचा उन्नत गट ठरविताना ८ लाखांच्या कसोटीत आईवडिलांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न धरले जात नाही. पगारदारांच्या बाबतीत त्यांचे पद पाहिले जाते आणि कसोटी सलग तीन वर्षांची असते. २०१९ साली आर्थिक दुर्बल घटकांसाठी जे आरक्षण आले, त्यातील ८ लाखांत मात्र पगार, शेती, व्यापार सर्व काही येते आणि पाहिले जाते ते केवळ मागील वर्ष. २०२१ अखेर केंद्राने नेमलेल्या समितीने या दोन कसोट्यांतील भेद स्पष्ट करून ८ लाखांचा आकडा कायम ठेवला. त्या भेदाची कारणे असतील, आणि ती सर्वस्वी चुकीची आहेत असेही मी म्हणत नाही. पण प्रवेशाच्या धांदलीत, दोन्ही अर्जांवर 'उत्पन्न ८ लाखांपेक्षा कमी' एवढेच वाचणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाने यातून काय समजावे?

बापाच्या उत्पन्नाची ही अडचण केवळ आपल्याकडेच आहे, असे नव्हे. अमेरिकेत अपंग मुलांना मिळणारे एक साहाय्य आहे. १९७२ च्या कायद्याने ते आले आणि १९७४ पासून सुरू झाले. मूल घरी राहत असेल तर आईबापांच्या उत्पन्नाचा काही भाग मुलाचाच मानावयाचा, असा तेथील नियम. आयोवा राज्यातील केटी बेकेट नावाची मुलगी तान्ही असतानाच मेंदूच्या विकाराने श्वसनयंत्राच्या आधाराला लागली. ती रुग्णालयात होती तोवर आईबापांचे उत्पन्न तिच्या खात्यावर धरले जात नव्हते आणि उपचारांचा खर्च सरकार करीत होते. तिला घरी नेता येईल असे वैद्य म्हणू लागले, आणि पेच उभा राहिला. घरी नेल्याबरोबर बापाचे उत्पन्न तिचे मानले जाणार आणि साहाय्य बंद होणार! घरचा खर्च रुग्णालयाहून कितीतरी कमी असूनही नियमाप्रमाणे मुलीने रुग्णालयातच राहिले पाहिजे. १० नोव्हेंबर १९८१ रोजी अध्यक्ष रेगन यांनी पत्रकार परिषदेत या प्रकरणाचा जाहीर उल्लेख केला. कल्याणकारी खर्चाला कात्री लावणारे म्हणून जे गाजले, त्यांनाच हा नियम बोचावा, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. केटीला अपवाद म्हणून घरी जाता आले आणि १९८२ च्या कायद्याने अशा मुलांच्या बाबतीत आईबापांचे उत्पन्न न मोजण्याची मुभा राज्यांना मिळाली. केटी २०१२ पर्यंत जगली.

त्या अमेरिकन नियमातही दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. बापाचे सारे उत्पन्न मुलाचे मानले जात नाही. आईबापांच्या स्वतःच्या निर्वाहाची आणि घरातील इतर मुलांची रक्कम आधी वजा होते. आमच्या दाखल्यावर घरात खाणारी तोंडे किती, हा प्रश्नच नाही. एकुलत्या एका मुलाचा बाप आणि चार लेकरे, म्हातारी आई व विधवा बहीण पोसणारा बाप एकाच मापाने मोजले जातात. दुसरे असे, की तेथे मूल अठरा वर्षांचे झाले की बापाच्या उत्पन्नाशी त्याचा संबंध संपतो. आमच्याकडे संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे २१,००० रुपये राहिली, म्हणजे महिना १,७५० रुपये. अपंगांसाठी ती पुढे ५० हजार केली गेली. ज्या घरात एक माणूस वर्षभर बरे काम करतो, ते घर दोन्ही मर्यादांच्या बाहेर पडते. मग बापाच्या घरी असलेला अपंग मुलगा सज्ञान झाला तरी सरकारच्या लेखी तो बापाच्या पगाराचाच भाग. त्याला स्वतःची म्हणून गरज नाही, कारण त्याला स्वतःचे म्हणून घर नाही.

या साऱ्याच्या बुडाशी एक गृहीत आहे, ते असे, की बापाचे पैसे मुलापर्यंत पोहोचतात. बहुतेक घरांत ते पोहोचतात, हे खरे. पण ज्या घरांत ते पोहोचत नाहीत, नेमकी तीच मुले साहाय्याच्या दाराशी येतात. दारूत पगार उडविणारा बाप आहे. दुसरा घरोबा करून पहिल्या बायकोमुलांकडे पाठ फिरविणारा बाप आहे. त्याचे नाव अजून शिधापत्रिकेवर आहे, त्याचा पगार कागदावर आहे, आणि आई परक्यांची धुणीभांडी करून मुलांना शिकवीत आहे. मुलाला अभियंता करावयास कर्ज काढणारा आणि मुलीला 'बी. ए. कर, पुरे' म्हणणारा बाप तर आपल्याच चाळीत असतो. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने, कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या विविध घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ केले. मोठा निर्णय आहे. परंतु नऊ लाख मिळविणारा बाप मुलीवर खर्च करीलच, ही खात्री कोणी दिली? त्या मुलीला वास्तविक काहीच मिळत नाही, आणि तरी ती सधन ठरते.

शिधापत्रिकेचा उल्लेख आला म्हणून सांगतो. १९९९ साली महाराष्ट्राने तीन रंगांच्या शिधापत्रिका आणल्या. पंधरा हजारांपर्यंत पिवळी, तेथून १ लाखापर्यंत केशरी आणि त्यावर पांढरी. २०२३ साली 'लेक लाडकी' योजना आली. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने एकूण १ लाख १ हजार रुपये मिळावयाचे, पण घरात पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असली पाहिजे. म्हणजे मागील शतकात आखलेल्या लाखाच्या रेषेवर या शतकाच्या तिसऱ्या दशकात जन्मलेल्या मुलीचे पात्रत्व ठरते. हा लाख आणि तो लाख एकच आहे, असे समजणारा अर्थशास्त्री मला भेटावयाचा आहे.

तिजोरीला मर्यादा आहेत, कोठेतरी रेषा आखावीच लागते, हा आक्षेप अपेक्षित आहे आणि तो खोटाही नाही. पण रेषा म्हणजे कडाच असली पाहिजे, असे नव्हे. २०१६ साली आय. आय. टी.चे वार्षिक शुल्क २ लाख झाले, तेव्हा १ लाखाच्या आतील उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना ते पूर्ण माफ झाले आणि १ ते ५ लाखांपर्यंतच्या विद्यार्थ्यांना दोनतृतीयांश. २०२४ च्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत साडेचार लाखांपर्यंतच्या कुटुंबांना तांत्रिक व व्यावसायिक शिक्षणाच्या कर्जावर पूर्ण व्याजसवलत आहे, ८ लाखांपर्यंत तीन टक्के. खुद्द महाराष्ट्रात अडीच लाखांवरील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना निर्वाहभत्ता नसला, तरी शिक्षण व परीक्षा शुल्काची माफी आहे. म्हणजे पायऱ्या बांधता येतात, आणि त्या बांधल्याही गेल्या आहेत. फक्त एका खात्याने बांधलेली पायरी दुसऱ्या खात्याला दिसत नाही. उत्पन्नमर्यादा महागाई भत्त्याच्या निर्देशांकाला जोडण्यास तर नवी समितीही नको. ज्या दिवशी भत्त्याचा आदेश निघतो, त्याच दिवशी दुसरा आदेश निघू शकतो. दाखल्यावर कुटुंबातील माणसांची संख्या लिहून ती हिशेबात धरण्यास एक रकाना पुरेल. बाप मुलाला पोसत नाही हे आईने सांगितले आणि शाळेच्या मुख्याध्यापकाने किंवा ग्रामसभेने त्याला दुजोरा दिला, तर बापाचे उत्पन्न वगळून केवळ आईचे धरावे, अशी तरतूद करण्यास मात्र थोडे धैर्य लागेल. कारण मग दाखला देणाऱ्याला नुसता आकडा लिहून चालणार नाही. त्या घराचा उंबरठा ओलांडून आत पाहावे लागेल. तलाठ्याकडे अनेक गावांचा भार असताना ते कोणी करावे, हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि त्याचे उत्तर महसूल खात्याने नव्हे, शिक्षण खात्याने द्यावयाचे आहे.